पेन्सिल सेलवाला कॅमेरा

"किती मेगापिक्सलचा हाये?"

या एका प्रश्नानं मला म्हातारं केलं. वाशिमच्या बाजारपेठेत एका दुकानात मी काउंटरमागे उभा राहिलो, आणि उभं राहण्याशिवाय आणखी काही शिकलो असेन तर ते म्हणजे हा प्रश्न हसतमुखानं ऐकून घेणं. दुकान शेठजींचं. रेडिओ, मिक्सर, पंखे, आणि एका बाजूला काचेच्या कपाटात कॅमेरे. ती बाजू माझी. रोल गेले, डिजिटल आले, मग मोबाईलनं डिजिटललाही खाऊन टाकलं. आता त्या कपाटात मोबाईलची कव्हरं लटकतात आणि मी घरी गुडघ्यांना तेल चोळत बसतो. दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला माणूस आला, तेव्हा मी म्हटलं, जन्मभर सेल विकले, त्याचं काय लिहायचं? तर म्हणे, सेलाचंच लिहा. म्हटलं बरं, बसूनच तर लिहायचं आहे.

आमच्याकडचं गिऱ्हाईक मेगापिक्सल विचारायचं ते म्हशीचं दूध विचारल्यासारखं. सहा लिटरची आहे की आठाची? अनसिंगचे एक पाटील आले होते. म्हणाले, "शेजाऱ्यापाशी दहाचा हाये, मले बाराचा द्या." मी विचारलं, फोटो कशाचे काढणार? "ते मंग पाहू. पहिले बाराचा द्या." भिंतीएवढा फोटो लावायचा नसेल तर दहा काय अन् बारा काय, पोस्टकार्डाच्या आकारात फरक डोळ्याला दिसत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाराचा नेला. समजावण्याची हौस माझी तिथंच निम्मी मेली.

खरी गोष्ट होती सेलांची, आणि ती कुणी विचारत नसे. दिसायला नाजूक, चपटे कॅमेरे आपापल्या खास बॅटरीवर चालतात. ती बॅटरी बसली की तिची जोडीदारीण शोधायला अकोल्याला जा, नाहीतर नागपूरला. त्यापेक्षा जाडजूड दिसला तरी पेन्सिल सेलवाला कॅमेरा बरा. पेन्सिल सेल गावात किराण्याच्या दुकानातही मिळतो. पण साधा सेल कॅमेऱ्यात घातला की थोड्या फोटोंतच मान टाकतो. कॅमेऱ्याची भूक त्याला झेपत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल घ्यायचे, त्यांच्या दोन जोड्या करायच्या, एक कॅमेऱ्यात, एक खिशात. जुना-नवा एकत्र घालायचा नाही. एक थकलेला बैल चांगल्यालाही बसवतो, तसं होतं. आणि साधा सेल चार्जरला लावायचा नाही, तो फुगतो, गळतो, कधी फुटतोही. एवढं सांगून माझा घसा बसायचा. शेठजी गादीवरून म्हणायचे, "भाऊ, क्यामेरा विकून राहिले की शाळा चालवून राहिले?"

कार्डाचंही तसंच. रस्त्यावर गठ्ठ्यानं मिळणाऱ्या कार्डावर आकडा मोठा छापलेला, पोट मात्र लहान. पोट भरलं तरी ते नाही म्हणत नाही, फोटो घेतच राहतं, आणि घरी येऊन पाहावं तर अर्ध्या वरातीच्या जागी राखाडी पट्टे. त्यापेक्षा लहान का होईना, खरं कार्ड घ्या, असं मी सांगायचो. लोकांना वाटायचं, हा आपला माल खपवतो.

चांगली वस्तू दिली तरी निस्तरायचं होतंच. धनजचे एक गृहस्थ दसऱ्यानंतर बंद कॅमेरा घेऊन आले. मी झाकण उघडलं तर कार्डाच्या फटीत अक्षता आणि सेलांच्या जागी ओलं कुंकू. घरात वखर, विळे, शिलाई मशीन यांची पूजा झाली, तेव्हा कॅमेराही अवजारच की. त्यांच्या मातोश्रींनी त्याला धुऊन, आत-बाहेर हळद-कुंकू वाहून पाटावर मांडला होता. मी ब्रशनं तांदळाचे दाणे काढत असताना ते मला विचारत होते, "पूजा केली, तं खराब कसा काय झाला?"

अशा किती गोष्टी. बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता आली नाही, ती किन्हीराजा गावच्या किसनरावांची.

किसनराव पहिल्यांदा आले ते मुलीला घेऊन. पांढरी टोपी, जाड मिशी, बोलणं कमी. मुलगी वैशाली, कॉलेजात जाणारी. ती कपाटापुढे उभी राहिली आणि तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, याच्यात सेल कोणते लागतात?" मी तिला खुर्ची द्यायचाच बाकी होतो. इतक्या वर्षांत असा प्रश्न ऐकला नव्हता. तिनं मग झूम विचारला, कार्ड विचारलं, चार्जर किती वेळ घेतो ते विचारलं, कारण गावात लाइनीचा भरवसा नव्हता. शेवटी तिनं सगळ्यात ओबडधोबड, सगळ्यात चांगला कॅमेरा निवडला. मी किसनरावांकडे पाहिलं. "मले कायले पायता?" ते म्हणाले. "पोरगी म्हन्ते तो द्या." मग जरा थांबून, आपलाही काही मान राहावा म्हणून, "पन किती मेगापिक्सलचा हाये?" वैशाली हसली, तेही हसले. दुकानातून बाहेर पडताना कॅमेऱ्याचा खोका पोरीनं नाही, बापानं छातीशी धरला होता.

पुढे दोनेक वर्षं गेली असतील. एका दुपारी एक बाई पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. हातात दवाखान्याची पिशवी. या म्हटलं तरी आत येईनात. "तुमीच काय ते क्यामेरेवाले भाऊ? माह्या वैशालीनं तुमच्यापासूनच घेतला होता." त्या किसनरावांच्या घरच्या, इंदूबाई. मी सहज विचारलं, कशी आहे पोरगी? त्यांनी पदर तोंडाला लावला.

हकीकत तुकड्यातुकड्यानं कळली. वैशालीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, कॉलेजातल्या एका मुलाशी, जातीबाहेर. किसनरावांनी भावकीसमोर तिच्या नावानं आंघोळ केली, माणूस मेल्यावर करतात तशी, डोक्यावरून. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. तिचे कपडे वाटून टाकले आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो एका बैठकीत पुसले. कागदावर एकही फोटो नव्हता. धुऊन आणू, धुऊन आणू म्हणता राहून गेलं होतं. ही आमच्याकडे घरोघरची गत. रोल संपला की धुवायला द्यावाच लागायचा. कार्ड आलं आणि फोटो कार्डातच राहू लागले. लोक कॅमेऱ्यामागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर अख्खी लग्नं पाहायचे आणि समाधान मानायचे.

"पुसलेले फोटो वापस येतात काय, भाऊ?" इंदूबाईंनी विचारलं.

मी थकलो होतो, दुपारची वेळ होती, पण नीट सांगितलं. पुसले म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढली. माणसं आतच असतात. नवा भाडेकरू आला की मात्र तो जुन्यांना बाहेर काढून त्यांच्या जागी बसतो. म्हणजे त्या कार्डावर नवे फोटो काढले, तर जुने खरोखर गेले. तोपर्यंत कॉम्प्युटरवर लावून बरेचसे परत काढता येतात.

बाई पटकन समजल्या. "मंग नवा भाडेकरू येऊच नाही द्याचा."

कार्ड घेऊन या, म्हटलं. ते त्यांच्या हातातलं नव्हतं. कॅमेरा किसनरावांच्या कपाटात आणि कपाटाची चाबी त्यांच्या करदोड्याला. सेल आणि चार्जर तेवढे इंदूबाईंच्या ताब्यात, कारण घरात सैपाकघरातलाच एक बोर्ड धड चालायचा. आणि पुतण्याचं लग्न तोंडावर आलं होतं. "दोन दिवस फोटो काडतीन हे. समदं भरून टाकतीन. भाऊ, सेल मारता येतात काय?"

सेल जास्त दिवस कसे जगवायचे हे मला सगळ्या जिल्ह्यानं विचारलं. मारायचे कसे हे विचारणारी ही एकच बाई. दुकानातल्या माणसानं गिऱ्हाइकाच्या घरात शिरू नये, हे शेठजींनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. मला शिरायचंही नव्हतं. पण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. मी सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळातले उतरलेले सेल त्यांच्या हातात द्या. ते चार्जरला मात्र लावू नका, फुटतील. औषध कधी घ्यायचं ते ऐकावं तसं त्यांनी ऐकलं. जाताना म्हणाल्या, "यायले सांगू नोका." मी कशाला सांगतो, म्हटलं.

लग्नाच्या थोडे दिवस आधी किसनराव स्वतःच दुकानात हजर. बरेच वाळले होते. कॅमेरा काचेवर ठेवला. "हा चालूच होऊन नाही राह्यला." मी झाकण उघडलं. आत घड्याळाचे सेल, एकावर गंज चढलेला. इंदूबाईंनी काम चोख केलं होतं. मला हसू आलं, पण आता नवे सेल देणं भाग होतं. शेठजी गादीवर बसलेले, गिऱ्हाईक समोर उभं, आणि सेल नाहीत असं म्हणावं तर मागे पाकिटांची रांग लटकत होती.

मी विक्रीचीच वाट धरली. म्हटलं, लग्नाचं काम आहे, कार्डही जास्तीचं घ्या.

"जुनं काय वाईट हाये? खाली हाये पुरं. पुसलं मी समदं." मग त्यांनी कपाटातल्या कॅमेऱ्यांकडे पाहत विचारलं, "पुसलं मंजे गेलंच न ते?"

मी सेलाचं पाकीट फाडता फाडता थांबलो. गेलं म्हणालो तर हा माणूस त्याच कार्डावर लग्न काढणार आणि बाईचं सगळं बुडणार. आहे म्हणालो तर कदाचित इथंच, या काचेवर, तो कार्डाचे दोन तुकडे करणार. त्यानं पोरीच्या नावानं आंघोळ केली होती. कार्ड ते काय मोठं? त्या क्षणी मला या धंद्याचा, या दुकानाचा, माझ्या समजावून सांगण्याच्या सवयीचा मनापासून कंटाळा आला. पण खोटं बोलायचं तर बोलणार कसं? त्यांनी विचारलं ते जरा हळूच विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "नवे काढले नाहीत, तोवर आत असतात."

किसनरावांनी पाणी मागितलं. ग्लास तोंडाला न लावता वरून प्याले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मंग नवं दे एक."

मी जुनं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढी वस्तू. त्यांनी ती रुमालाच्या टोकाला बांधली आणि बंडीच्या आतल्या खिशात सारली. "घरी कोनाले माईत नाही पडलं पायजे," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, मी कशाला सांगतो. नवरा-बायको दोघंही एकाच वस्तूवर एकमेकांपासून पहारा देत होते आणि दोघांचीही शपथ माझ्या गळ्यात. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही पगार सेल विकायचा घेता ना?

लग्न झालं. इंदूबाई आल्या त्या पायरीवरच बसल्या. "त्यायनं नवीन सेल आनले, भाऊ. दोन दिवस काडले फोटो. नवरदेवाचे, पंगतीचे, पार कुत्र्याचेबी. गेली माही पोरगी."

रडत नव्हत्या, आणि तेच मला बघवेना. त्यांना कार्डातली पोरगी कायमची गेली असं वाटत होतं. शब्द दोघांना दिला होता. एकाला दिलेला मोडला. "वहिनी, त्यांनी लग्नासाठी नवं कार्ड नेलं. जुनं त्यांच्याजवळ आहे. बंडीत."

त्या पायरीवरून अर्ध्या उठल्या. "त्यायले माईत हाये? फोटो आत हायेत मनून?"

"मी सांगितलं. त्यांनीच विचारलं."

"मंग आता मी काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. याहून शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस दोघांपैकी कुणी आलं नाही. मी धरून चाललो की झालं, बंडी धुवायला पडली असेल, रुमाल नदीला गेला असेल. मग एका बाजाराच्या दिवशी दोघं आली. बरोबर आली म्हणावं तर मधे दोन माणसं मावतील एवढं अंतर. किसनरावांनी रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि कार्ड काचेवर ठेवलं. "काड," एवढंच म्हणाले.

आतल्या खोलीत दुकानाचा कॉम्प्युटर होता. हे काम घाईचं नाही. कार्ड लावायचं आणि जमीन नांगरावी तसं तो प्रोग्राम कार्डाचा कण न् कण उकरतो, तोवर आपण बसून राहायचं. शेठजी आधी कुरकुरले, मग त्यांनीच चहा सांगितला आणि शटरजवळ जाऊन उगाच रस्ता पाहत उभे राहिले. त्यांनाही दोन मुली.

फोटो येऊ लागले. काही अर्धे राखाडी, काही साफ. पोळ्याला सजवलेले बैल. विहिरीवरची मोटर. तुरीचं शेत फुलावर आलेलं. हात आडवा करून नको नको म्हणणाऱ्या इंदूबाई, पोळपाटापुढे. बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेले किसनराव. केस विंचरणाऱ्या इंदूबाई. टोपीशिवायचे किसनराव, अर्ध्या डोक्याला साबण, हसत असलेले. पुन्हा किसनराव, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, डोळे मिटेपर्यंत हसत असलेले.

इंदूबाई खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येक फोटोला विचारत होत्या, "अजून हायेत काय?" आहेत, आहेत, म्हणत मी खाली खाली जात होतो. मलाही घाई झाली होती. मग फोटो संपले. मी पुन्हा पहिल्यापासून गेलो, मग फक्त अर्धवट निघालेले पाहिले. वैशाली कुठंच नव्हती.

"तिचा एकबी नाही?" इंदूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, कार्डानं दगा दिला. तसं मी म्हणालोही, की काही जागा वाचता येत नाहीत. किसनराव पडद्याकडेच पाहत होते. म्हणाले, "कुटून असनार? क्यामेरा तिच्याच हातात राहे. कोनाले हात लावू देत नोयती."

आयुष्यभर मी कॅमेरे विकले आणि काढणारा माणूस फोटोत नसतो ही साधी गोष्ट मला त्या दिवशी समजली. किती घरांत असं झालं असेल या विचारानं मी फार थकून गेलो.

इंदूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, ट्रॅक्टरच्या चाकाशी. "हे कवा हासले तुमी असे?"

किसनराव पुढे वाकले. स्वतःचाच फोटो त्यांनी अनोळखी माणसाचा पाहावा तसा पाहिला. "बोल्ली होती ते काईतरी," ते म्हणाले. "फोटो काडतानी. मले हासवाले." आणि मग, "काय बोल्ली होती, तेच आठवून नाही राह्यलं."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी मिशीत उतरत होतं आणि ते तसंच आठवत बसले होते. इंदूबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"हा कागदावर काडून दे," किसनराव शेवटी मला म्हणाले. "दोन दे. एक घरी, अन् एक टपालानं धाडाचा हाये." कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. बायकोकडे न पाहता म्हणाले, "पत्ता इच्यापाशी असन." आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले.

इंदूबाई दचकल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, सावरून बसल्या आणि हळू आवाजात मला पत्ता सांगू लागल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. पुण्यातला पत्ता, घर नंबर, गल्ली, सगळं तोंडपाठ होतं. मी पाकिटावर उतरवून घेत होतो. पुणे लिहून होतं न होतं तोच पायरीवरून, आमच्याकडे पाठ ठेवूनच, किसनराव बोलले.

"तो पत्ता जुना झाला. आता नाशिकले राह्यते ते."